संधिवाताचे आकडे सुधारले, मग मन का सावरत नाही?

प्रश्न : अमळनेरची शिक्षिका

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझे वय ४१ आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही हातांची पेरे आणि मनगटे सुजू लागली आणि सकाळी उठल्यावर दीड-दोन तास मूठच वळेनाशी झाली. पहिले आठ महिने ‘थंडीचा वात’, ‘कॅल्शियम कमी’ आणि ‘कामाचा ताण’ अशा तीन निदानांत गेले. शेवटी नाशिकला संधिवाततज्ज्ञांकडे रक्त तपासले, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन्ही चाचण्या पॉझिटिव्ह आल्या आणि हा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटण्याचा आजार असल्याचे कळले. तेव्हापासून आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, त्याच्या जोडीला फॉलिक ॲसिड आणि रोजची हायड्रॉक्सिक्लोरोक्विन असे उपचार चालू आहेत.

औषधांविषयी माझी तक्रार नाही. गेल्या तपासणीत ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी, प्रथमच मर्यादेत आला, डॉक्टरांनी एकेक पेर दाबून पाहिले, सूज जवळजवळ नाही असे सांगितले आणि केसपेपरवर ‘आजार आटोक्यात’ असे लिहिले. तो कागद हातात घेऊन मी एसटीत बसले आणि मालेगाव येईपर्यंत रडत होते. शेजारच्या बाईंना वाटले, काहीतरी वाईट निघाले असावे. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, आणि मला तिचे झाकण फिरवता येईना हे पाहून उघडूनही दिली. त्या रडण्याचा अर्थ मला आजही नीट सांगता येत नाही. ‘आजार आटोक्यात आला की सगळे पहिल्यासारखे होईल’ या आशेवर मी सहा वर्षे काढली होती, आणि तो आटोक्यात आल्यावरही पहिल्यासारखे काहीच झाले नव्हते.

थकवा तसाच आहे. झोप पहाटे तीनला मोडते. मेथोट्रेक्सेट शनिवारी रात्री घ्यायची असते, पण शनिवारची सकाळची शाळा सुटून घरी आले की दुपारीच मळमळू लागते. गोळी तेव्हा अजून डबीतच असते. हल्ली वरणाचा पिवळा रंग पाहूनही पोटात ढवळते, कारण गोळीही पिवळीच आहे.

आणखी एक गोष्ट लिहू की नको, असा बराच विचार केला. श्रावणात आमच्याकडे कानबाई, ही खान्देशातली देवी, बसते. त्याआधी घरातल्या सगळ्या बायका कासारणीपुढे बसून बांगड्या भरतात. हात दाबून, अंगठ्याचे मूळ आत मुडपून ती बांगडी कशी चढवते, हे बायकांना सांगायला नको. तीन वर्षे झाली, त्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून शाळेत थांबते. हात दुखेल ही भीती आहेच. पण माझ्या पेरांवर बांगडी अडकेल आणि सगळ्याजणी क्षणभर गप्प होतील, ही भीती त्याहून मोठी आहे.

सासूबाई वाईट नाहीत. दिवसातून तीनदा त्या ‘काय व्हयनं तुले?’ असे विचारतात आणि पाहुण्यांना ‘आमची सून फार सोशिक, कधी हूं की चूं नाही’ असे कौतुकाने सांगतात. त्या कौतुकाचेच आता ओझे झाले आहे. शाळेतले सहकारी म्हणतात, ‘मॅडम, दिसता तर चांगल्या.’

माझे विचारणे एवढेच आहे की, आकडे चांगले असताना असे खचणे हे माझ्या मनाचे दुबळेपण समजावे, की आजाराचाच भाग समजावे? मनाचा आणि दुखण्याचा खरोखर काही संबंध असतो का? आणि ज्यांनी या आजारासोबत दीर्घ काळ काढला आहे, त्यांनी उभारी कशी धरली?

प्रतिसाद : तापीकाठची मावशी

ताई, मी रावेर तालुक्यातली. वय ६४, आणि हा आजार जडून २३ वर्षे झाली. आमच्या वेळी गावात दुखऱ्या सांध्यावर एक इंजेक्शन आणि वेदनाशामक गोळ्या एवढाच इलाज होता. योग्य औषध मिळेपर्यंत उजव्या हाताची बोटे करंगळीच्या दिशेला झुकली, ती झुकलीच. तुमची वाचली आहेत, याचा आनंद वाटतो. तुम्हाला मात्र तो वाटत नाही, आणि तो वाटलाच पाहिजे असे मी सांगणार नाही.

सोशिकपणाच्या कौतुकाविषयी तुम्ही लिहिले, त्यावर माझी एक गोष्ट सांगते. आमच्याकडे मोठ्या कार्यात खापरावरचे मांडे होतात. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरवत न्यायचा आणि अलगद खापरावर टाकायचा. सगळा भार मनगटांवर येतो. दिराच्या मुलीच्या लग्नात माझ्या आजाराचे तिसरे वर्ष होते, मनगटे गरम आणि फुगलेली होती, तरीही मी चाळीसेक मांडे टाकले, कारण ‘हिचे हात गेले’ असे कोणी म्हणू नये. एकही मांडा फाटला नाही. पुढचे सोळा दिवस मला स्वतःची वेणी घालता आली नाही, धाकट्या मुलीने घातली. आणि त्या सोळा दिवसांत मी स्वतःला फार खंबीर समजत होते.

पहिली दहा वर्षे मी अशीच काढली. त्यात कोणीतरी ‘मागच्या जन्मीचे भोग’ असे म्हणाले आणि मी ते खरे मानले. मुक्ताईला जाणे मी आजही सोडलेले नाही, पण आपल्या हातून काय पाप घडले हे विचारायला जाणे आणि दोन घटका शांत बसायला जाणे, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या प्रकारच्या दर्शनाहून मी परतत असे ती अधिक दुखत परतत असे.

बदल कसा झाला, तर एका उन्हाळ्यात झाला. बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, दिवस होते. आदल्या रात्री झोप चांगली लागली, हात हलके वाटले, म्हणून पहाटेच घाटा शिजवायला घेतला आणि ऊन चढेपर्यंत सगळा एकटीने थापून काढला. पुढचे तीन दिवस खाट. मोठी सून तेव्हा नवीन होती, धीट होती. ती म्हणाली, ‘आई, तुम्ही बऱ्या दिवशी उधार घेता आणि वाईट दिवसांनी फेडता.’ तिने मोबाईलवर वीस मिनिटांची घंटी लावायला सुरुवात केली. घंटी वाजली की हातातले काम ठेवायचे, दुखत असो वा नसो. न दुखताही थांबायचे, हे मला सर्वांत अवघड गेले. आता मी बिबडे थापत नाही. घाट्याचे मीठ, तिखट आणि घट्टपणा मी ठरवते, आणि माझ्या चवीशिवाय आमच्या घरचे बिबडे वाळत पडत नाहीत.

आमच्या शेतात केळीला घड लागला की आम्ही बांबूचा टेकू देतो. घड जितका भरदार, तितका टेकू आधी. टेकू दिलेल्या केळीला कोणी दुबळी म्हणत नाही. हे मी लग्न झाल्यापासून पाहत होते. स्वतःच्या बाबतीत कळायला दहा वर्षे गेली.

प्रतिसाद : जळगावचा वाचक

सर्व आजार आधी मनात होतात आणि मग शरीरात उतरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या मावसभावाने संधिवाताच्या सगळ्या गोळ्या बंद केल्या, पहाटे ध्यान सुरू केले, एका जाणकाराकडून पुड्या आणल्या आणि तीन आठवड्यांत तो जिने चढू लागला. ताईंनी आजाराचा विचार करणेच सोडून द्यावे आणि सकारात्मक राहावे. मन खंबीर असेल तर औषधाची गरज उरत नाही.

प्रतिसाद : धुळ्याचे फिजिशियन

मूळ प्रश्नाआधी मला वरच्या प्रतिसादाविषयी लिहावे लागेल, कारण त्यावर विसंबून कोणाचे तरी नुकसान होऊ शकते. तीन आठवड्यांत चमत्कार घडवणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले आढळते. त्याने सूज उतरते, भूक लागते, उत्साहही वाटतो. पण महिनोन्महिने घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे मंदावलेले असल्यामुळे पुडी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकते. मावसभावांना पुडीसह डॉक्टरांकडे न्यावे. ती घरच्या घरी अचानक थांबवू नये. दरम्यान मेथोट्रेक्सेटसारखे औषध बंद राहिले तर सांध्याची झीज आतून चालूच राहते, आणि झिजलेले हाड ध्यानाने परत येत नाही. ध्यानाला माझा विरोध नाही. ते औषधासोबत असावे, एवढेच.

आता ताईंचा प्रश्न. हा आजार मनात सुरू होत नाही; त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे, धूम्रपानाचा वाटा आहे, बायकांमध्ये तो पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. मात्र ‘मनाचा काही संबंध नाही’ हे दुसऱ्या टोकाचे विधानही तितकेच चुकीचे आहे. सांध्यात सूज निर्माण करणारी टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ ही द्रव्ये सांध्यापुरती राहत नाहीत. त्यांचे संदेश मेंदूपर्यंत पोहोचतात. साध्या तापातसुद्धा आपल्याला बोलू नये, खाऊ नये, कोणी जवळ येऊ नये असे वाटते, ती मरगळ याच द्रव्यांमुळे येते. फरक इतकाच की ताप चार दिवसांत उतरतो आणि संधिवातात ही मरगळ वर्षानुवर्षे मागे लागलेली असते. म्हणून खचणे हे दुबळेपण आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

हे किती जणांना होते, याचा अंदाज यावा म्हणून एक आधार देतो. २०१३ साली ७२ अभ्यासांतील १३ हजारांहून अधिक रुमॅटॉइड रुग्णांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. रीतसर मुलाखत घेऊन निदान केले असता सुमारे १७ टक्के रुग्णांना तीव्र नैराश्य आढळले, तर पीएचक्यू-९ नावाच्या नऊ प्रश्नांच्या तक्त्यावर सुमारे ३९ टक्के रुग्ण नैराश्याच्या रेषेपलीकडे गेले. या दोन आकड्यांतले अंतरही बोलके आहे. त्या तक्त्यात झोप, थकवा आणि भूक यांविषयी प्रश्न असतात, आणि संधिवात स्वतःच झोप आणि ताकद खातो. त्यामुळे तक्त्यात गुण जास्त आले म्हणजे नैराश्यच, असे होत नाही. आणि ‘हे तर संधिवाताचेच’ म्हणून खरे नैराश्य नजरेआड होते, हेही आमच्या ओपीडीत नेहमी घडते.

‘आकडे चांगले’ म्हणजे नेमके काय, तेही पाहू. आजाराची तीव्रता मोजण्यासाठी डीएएस-२८ ही पद्धत वापरतात. तिच्यात २८ सांध्यांपैकी किती दुखरे, किती सुजलेले, ईएसआर किंवा सीआरपी ही सुजेचीच दुसरी रक्तचाचणी किती, आणि १०० मिलिमीटरच्या रेषेवर रुग्ण स्वतःच्या तब्येतीची खूण कोठे करतो, या चार गोष्टी धरतात. चारपैकी दोन, म्हणजे दुखरे सांधे आणि ती खूण, रुग्णाने सांगितलेल्या असतात. आणि सूत्रात दुखऱ्या सांध्याचे वजन सुजलेल्या सांध्याच्या दुप्पट आहे. त्यामुळे एखाद्याची सूज पूर्ण उतरलेली असूनही मन खचल्यामुळे आणि मेंदूची वेदना जाणण्याची पट्टी खाली आल्यामुळे त्याचा आकडा वर राहू शकतो, आणि डॉक्टर औषध वाढवत बसतात. ताईंच्या बाबतीत उलटे झालेले दिसते: ईएसआर आणि सूज पाहून समाधान मानले गेले आणि ती रेषा बहुधा कोणी पुढे केलीच नाही. ती चूक आम्हा लोकांची आहे. पन्नास रुग्णांच्या ओपीडीत रडू येते का, हे विचारायचे राहून जाते.

पहाटे तीनला मोडणाऱ्या झोपेकडे दुर्लक्ष करू नका. २०१२ च्या एका प्रयोगात २७ रुमॅटॉइड रुग्ण आणि तितक्याच निरोगी व्यक्तींची एक रात्र अर्धी जागवली. दुसऱ्या दिवशी रुग्णांची सांधेदुखी, थकवा आणि उदासी वाढलेली होती, तीही केवळ एका रात्रीच्या जागरणाने. पुढच्या भेटीपूर्वी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, कारण ही तीन कारणे साधी असतात आणि सुटतात. स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी घेता की संध्याकाळी, हेही डॉक्टरांना सांगा. उदासी दोन आठवड्यांहून अधिक रोज टिकत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नैराश्यावरच्या काही औषधांनी वेदनाही कमी होते, त्यामुळे तेथे जाणे म्हणजे ‘डोक्याच्या डॉक्टरकडे’ जाणे असा संकोच बाळगू नये. जगणे नकोसे वाटले तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा शासकीय क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

प्रतिसाद : शहाद्याचा एक पती

माझ्या पत्नीला हा आजार नऊ वर्षांपासून आहे. उपचार सुरतला चालू आहेत. मी रुग्ण नाही, म्हणून लिहावे की नाही असे वाटत होते, पण घरच्यांच्या वागण्याविषयी माझी एक चूक सांगण्यासारखी आहे.

निदान झाल्यावर मी ठरवले की हिला काही करू द्यायचे नाही. तिने पातेले उचलले की मी हातातून काढून घेत असे. कणीक मळायला बाई लावली, स्कूटीची किल्ली मी खिशात ठेवू लागलो आणि बाजारात दुकानदाराशी मीच बोलू लागलो. लोक मला चांगला नवरा म्हणत. एके दिवशी ती शांतपणे म्हणाली, ‘तुम्ही मला जिवंतपणीच मोडीत काढले आहे.’ मला राग आला, वाईटही वाटले. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

त्यानंतर आम्ही एक रीत पाडली. ती मागेल तेव्हाच मी हात लावायचा, आणि तिने मात्र खरोखर मागायचे. मी ओळखावे म्हणून भांडी आपटायची नाहीत. सुरुवातीला दोघांनाही जमले नाही. ती कुकरच्या झाकणाशी झटत असायची आणि मी शेजारी उभा राहून हात मागे बांधून घ्यायचो. स्कूटी आता तीच चालवते. फक्त मुठींवर जाड फोम बसवून घेतला आहे. तिची वेदना किती कमी झाली, हे मी सांगू शकत नाही, पण संध्याकाळी घरात शिरताना आता मला आधी तिचा आवाज ऐकू येतो, पूर्वी टीव्हीचा यायचा.

प्रतिसाद : जळगावची समुपदेशक

डॉक्टरांनी शरीराच्या बाजूने लिहिले, मी दुसऱ्या बाजूने थोडे लिहिते.

आधी शनिवारची मळमळ, कारण तिला ‘मनाचे खेळ’ म्हणून हसण्यावारी नेले जाते. गोळीनंतर दर आठवड्याला मळमळते. मग तो वार, ती दुपार आणि तो पिवळा रंग या सगळ्यांची शरीर त्या मळमळीशी गाठ बांधते. पावलोवच्या प्रयोगातल्या कुत्र्याच्या तोंडाला घंटेने पाणी सुटे, तसेच हे आहे. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या कितीतरी जणांना हे होते, आणि यातूनच पुष्कळ लोक कोणाला न सांगता गोळी चुकवू लागतात. त्यांना ‘मन घट्ट करा’ असे सांगून उपयोग नसतो. गाठ सोडवावी लागते: गोळीचा वार बदलता येईल का, रात्रीच्या जेवणानंतर झोपायच्या तोंडावर घेता येईल का, गोळीऐवजी त्वचेखालचे इंजेक्शन चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. वार बदलताना डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच बदला. हे औषध चुकून रोज घेतले गेले तर फार धोकादायक ठरते.

उभारीविषयी. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग सुरू केला. आठवड्याला दोन तास, आणि शिकवणारे बहुधा स्वतःच रुग्ण. अपेक्षा अशी होती की जो व्यायाम जास्त करील त्याचे दुखणे जास्त कमी होईल. प्रत्यक्षात हा संबंध फारच कच्चा निघाला. ज्यांना ‘माझ्या दुखण्यावर मी थोडाफार तरी इलाज करू शकते’ असे वाटू लागले, त्यांना आराम अधिक पडला होता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्यूरा यांनी १९७७ साली मांडलेली आत्मक्षमतेची कल्पना यालाच लागू पडते. याच्या उलट टोकाला हतबलता असते, आणि ती मोजण्यासाठी १९८५ मध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी खास प्रश्नावलीही तयार झाली. अनिश्चित आजारात ती सहज येते. आज मूठ वळेल की नाही हे रोज सकाळी हातालाच विचारावे लागत असेल, तर माणूस हळूहळू विचारणेच सोडतो.

ही आत्मक्षमता उपदेशाने येत नाही, छोटे काम ठरवून ते पार पाडल्याने येते. लॉरिग यांच्या वर्गातली एक युक्ती मी नेहमी वापरते. येत्या आठवड्यात काय करणार, कधी आणि किती वेळा, हे नेमके ठरवायचे आणि मग ‘हे होईल असे शून्य ते दहापैकी किती वाटते?’ असे स्वतःला विचारायचे. उत्तर सातच्या खाली आले तर काम लहान करायचे. स्वतःला रागवायचे नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका भगिनींनी ‘रोज अर्धा तास चालेन’ याला चार दिले, ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत’ याला आठ. त्या दुकानापर्यंत गेल्या. पुढच्या आठवड्यात त्याच्या पुढच्या वळणापर्यंत.

लिहिण्याचाही उपयोग होऊ शकतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दमा किंवा रुमॅटॉइड संधिवात असलेल्या ११२ जणांपैकी काहींना सलग तीन दिवस रोज वीस मिनिटे आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले, इतरांना साध्या विषयावर. चार महिन्यांनी, क्लेशाविषयी लिहिलेल्या संधिवाताच्या रुग्णांच्या आजाराची तीव्रता डॉक्टरांच्या मोजणीत सरासरी २८ टक्क्यांनी उतरलेली दिसली. पुढच्या अभ्यासांत इतका ठळक परिणाम दर वेळी आलेला नाही, म्हणून मी याला औषध म्हणत नाही. ताई, तुम्ही बांगड्यांविषयी येथे लिहिले, ते मात्र याच जातीचे लिहिणे आहे.

ज्यांना पूर्वी वरचेवर नैराश्य येऊन गेले आहे त्यांच्यासाठी एक सूचना. २००८ मध्ये ॲलेक्स झाउट्रा आणि सहकाऱ्यांनी रुमॅटॉइड रुग्णांवर विचार बदलण्याची पद्धत आणि सजग ध्यानाची पद्धत यांची तुलना केली. अशा रुग्णांना दुसऱ्या पद्धतीचा लाभ अधिक झाला. एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही, हे समुपदेशनात आम्हालाही रोज नव्याने शिकावे लागते. खान्देशात संधिवाताची माहिती असलेले समुपदेशक फार थोडे आहेत, हे मान्य करते. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागापासून सुरुवात करता येईल.

प्रतिसाद : अमळनेरची शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये सत्र परीक्षा होत्या.

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेल्या तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन ९.१ निघाले. सहा वर्षांत थकव्याची तक्रार मी किती वेळा केली असेल, आणि दर वेळी सगळ्यांनी, मीही, ती संधिवाताच्याच खात्यावर टाकली होती. नाशिकच्या डॉक्टरांना फोन करून शनिवारच्या मळमळीविषयी प्रथमच स्पष्ट बोलले. त्यांनी पुढच्या महिन्यापासून इंजेक्शन सुरू करू असे सांगितले. मध्यंतरी दोन शनिवार मी गोळी चुकवली होती, हेही सांगून टाकले. ते रागावले नाहीत.

मावशी, तुमच्या सोळा दिवसांच्या वेणीची गोष्ट मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या तेव्हा मला वाटले, आता पुन्हा ‘सोशिक सून’ सुरू होईल. पण सासूबाई एवढेच म्हणाल्या की हिचे हात सकाळी चालत नाहीत, म्हणून आमच्याकडे भाकरी आता दहानंतर होतात. मी ओट्याशी उभी होते. मान खाली घालून मेथी निवडत राहिले.

शून्य ते दहाची युक्ती बांगड्यांना लावून पाहिली. ‘यंदा सगळ्यांबरोबर कासारणीपुढे बसेन’ याला तीन गुण आले. ‘जाऊबाईंना खरे कारण सांगेन’ याला सात. ते सांगून झाले आहे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पेचाने उघडणाऱ्या दोन बांगड्यांचा फोटो पाठवला, आणि खाली लिहिले की माझ्याही हाताची पेरे हल्ली सकाळी आखडतात, तुझ्या डॉक्टरांचा नंबर दे. त्यांना मी लगेच तपासून घ्यायला सांगितले आहे.

एक विचारायचे राहिले. पेनावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून मी या वेळी सगळ्या उत्तरपत्रिका तपासल्या आणि अंगठा पूर्वीइतका ठणकला नाही. खडूला मात्र ही युक्ती चालत नाही. खडू झिजतो आणि ट्यूब सरकते. जाड मुठीचा खडू-धारक कोणाच्या पाहण्यात असेल तर कृपया कळवावे, शाळा सोमवारी उघडते.